अगदी शेवटचा घास

मी एक जुना चमचा आहे, मित्रांनो. हसू नका. चमचा म्हटले की तुमच्या घरातल्या मोठ्यांना साहेबाच्या पुढेपुढे करणारा कोणीतरी आठवतो. खरे सांगू? ते अगदीच चूक नाही. ज्याच्या हातात गेलो त्याचीच मी जन्मभर री ओढली. ज्या तोंडात शिरलो त्या तोंडाला काय वाटते, हे मी कधी विचारले नाही.

सध्या माझा मुक्काम ओट्याखालच्या खणात असतो. शेजारी संपलेले सेल, कुलूप हरवलेली किल्ली, दोऱ्याचे रीळ आणि कुठल्याशा बाटलीचे झाकण. जे लागत नाही आणि टाकवतही नाही, त्यांची ही वसाहत. मी अंगाने लहानखुरा आहे. माझी मान जराशी वाकली आहे, डावी कड घासून पातळ झाली आहे आणि टोकाशी दोन बारीक खड्डे आहेत. उजेडात धरले तर ते दिसतात. हे खड्डे एका चार वर्षांच्या मुलीने पाडले. बरे केले तिने! त्या खड्ड्यांचीच ही गोष्ट आहे.

माझा जन्म कारखान्यातला. पोलादाच्या पत्र्यातून आम्हाला कापले, यंत्राने दाबून पोटात खळगा पाडला आणि एका कामगाराने फिरत्या चाकावर घासघासून चकचकीत केले. नाकातोंडाला फडके बांधलेला तो माणूस प्रत्येक चमचा डोळ्यांसमोर धरून त्यात स्वतःला पाहायचा. चमच्याच्या पोटात माणूस उलटा दिसतो, डोके खाली आणि हनुवटी वर. पाठीकडून पाहिले तर सुलटा दिसतो, पण नाक बटाट्याएवढे होते. माझ्यात डोकावून तो हसला आणि म्हणाला, "जा बाबा, कुणाच्या तरी लेकराचं पोट भर." मला मिळालेला आशीर्वाद एवढाच.

मी ज्या घरात आलो तिथे पुढच्या खोलीत बाबांचे घड्याळदुरुस्तीचे दुकान होते आणि मागे स्वयंपाकघर. बाबा दिवसभर डोळ्याला भिंग लावून बसायचे. आई शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कामाला जायची. आणि सहा महिन्यांची एक मुलगी होती. तिचे खरे नाव कागदावरच राहिले. ती मुंगीएवढे घास घ्यायची, म्हणून सगळे तिला मुंगीच म्हणत.

पहिल्याच दिवशी मुंगीने मला आईच्या हातातून ओढून घेतले. तिने माझ्या पोटात पाहिले, तिला आपलेच तोंड उलटे दिसले आणि ती खदखदून हसली. मग मी टेबलाखाली पडलो. आईने उचलून दिले, पुन्हा पडलो. शिजवलेला भोपळा तिच्या कानात गेला, केसात गेला, एक फराटा बाबांच्या चष्म्यावरही उठला. पोटात फारसे काही गेले नसेल. पण त्या महिन्यात मी दिसलो की ती आपण होऊन तोंड उघडायची. माझ्या आयुष्यातला तो एकच चांगला महिना.

मग बाळाला वजनासाठी दवाखान्यात नेले. तिथल्या कार्डावर एक वाकडी रेघ छापलेली असते आणि प्रत्येक बाळाचा एक ठिपका असतो. मुंगीचा ठिपका रेघेच्या खाली पडला. मान वर न करताच नर्सबाई म्हणाल्या, "फारच बारीक आहे. घरी काही खायला घालता की नाही?" आणि त्यांनी पुढचा नंबर पुकारला. आम्ही दारापर्यंत पोहोचण्याआधीच त्या ते वाक्य विसरल्या असतील. आईला मात्र ते जन्मभर पुरले. मी तिच्या पिशवीत होतो, दुधाच्या बाटलीशेजारी. पिशवी पोटाशी धरून ती घरापर्यंत तरातरा चालत आली.

दुसऱ्या दिवशी मुंगीने नेहमीसारखा माझ्यासाठी हात पुढे केला. आई म्हणाली, "सांडतेस तू. दे इकडे." त्यानंतर तीन वर्षे मी मुंगीच्या हातात गेलो नाही.

आई वाईट नव्हती, मित्रांनो. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढचे ऐकून तुम्हाला तिचा राग येईल. साडेसातला कारखान्याची बस कोपऱ्यावर यायची. त्याआधी पोरीच्या पोटात एक वाटी मऊ भात गेलाच पाहिजे, ही तिची धडपड. मला धरलेला तिचा हात बारीक थरथरायचा. तो ठिपका तिला वाटीच्या तळाशी दिसत असावा. म्हणून तर ती तळ खरवडून काढायची. माझी डावी कड त्यातच झिजली.

मुंगीने मान फिरवली की आई मला विमान करायची, कधी आगगाडी. मी सांगतो, मला कधीही उडता आले नाही. मुंगीलाही ते लवकरच कळले. मग एके सकाळी, बसला पाच मिनिटे उरली असताना, आईच्या तोंडून तो शब्द निघाला. "शेवटचा घास हं, मुंगे. शेवटचा." मुंगीने विश्वासाने आ केला. घास आत गेला. वाटीत अजून भात होता. आईने मला पुन्हा बुडवले आणि म्हणाली, "हा बघ, हा खरा शेवटचा." मग 'बाबांच्या नावाचा शेवटचा'. मग 'अगदी शेवटचा'. त्या सकाळी वाटी रिकामी झाली, आईने पोरीचा मुका घेतला आणि धावत बस पकडली. तिला वाटले, किल्ली सापडली.

ती किल्ली पुढे तीन वर्षे रोज फिरत राहिली. दर जेवणाला सात-आठ शेवटचे. खोटे बोलणाऱ्याच्या हातात मी होतो आणि ते खोटे पोचवायला मीच जात होतो.

मुंगी बोलू लागली तेव्हा एक गंमत झाली. घरातल्यांच्या मते गंमत. ती आपल्या कापडी बाहुलीला भरवायला बसायची आणि म्हणायची, "शेवटचा घे. शेवटचा घे. शेवटचा घे." तासभर चालायचे. मग ती बालवाडीत जाऊ लागली. एक दिवस बाई प्रेमाने म्हणाल्या, "आता शेवटची पाच मिनिटं, मग आई येणार!" बाकीची पोरे टाळ्या पिटू लागली आणि मुंगीने भोकाड पसरले. "मला शेवटची नको! मला शेवटची नको!" काही केल्या थांबेना. बाईंनी आईला सांगितले, आईने बाबांना सांगितले, दोघे डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. दुसऱ्या दिवशी शिलाईयंत्रांच्या रांगेतही तो विनोद फिरला.

एकटी मावशी हसली नाही. मावशी म्हणजे आईची थोरली बहीण. ती मुलींच्या वसतिगृहात दीडशे जणींचे जेवण रांधायची. शाळा उघडायच्या तोंडावर कारखान्यात गणवेशांची घाई उडाली, आईला दोन आठवडे दुहेरी पाळी लागली, तेव्हा पोरीला सांभाळायला मावशी येऊन राहिली. आईने तिला बाहुलीचा किस्सा रंगवून सांगितला. मावशी भाजी निवडता निवडता थांबली.

"अगं, तिला 'शेवटचा' म्हणजे 'अजून एक' असं वाटतंय," ती म्हणाली. "तो शब्दाचा अर्थच आहे तिच्या लेखी. कुणी शिकवला?"

"ताई, तू आल्या आल्या तपासणी सुरू करू नकोस हं," आई म्हणाली आणि चपला घालून निघून गेली.

मावशीने पहिली गोष्ट काय केली असेल, तर मला उचलून टेबलावरच्या पेल्यात उभे केले. मग मधोमध तीन भांडी मांडली. पाव, भोपळा आणि वाटाणे. एक केळेही ठेवले. मुंगीसमोर रिकामी ताटली ठेवून ती म्हणाली, "ऐक मुंगे. काय शिजवायचं आणि कधी जेवायचं, ते माझं काम. खायचं की नाही आणि किती खायचं, ते तुझं. माझ्या कामात तू नाक खुपसायचं नाही, तुझ्या कामात मी खुपसणार नाही." आणि ती स्वतः शांतपणे जेवायला बसली. मुंगीकडे तिने ढुंकूनही पाहिले नाही.

पहिल्या दिवशी मुंगीने काही खाल्ले नाही. दुसऱ्या दिवशी पावाची कड. मावशीने ना वाहवा केली, ना कपाळाला आठी घातली. दुपारी दोघी वाटाणे सोलायला बसायच्या. मुंगीने एक दाणा चाटला आणि थुंकला. मावशी म्हणाली, "नाही पटला? असू दे. उद्या परत ओळख करून देऊ." परत ओळख झाली, परत थुंकला. सहाव्या दिवशी तो तिने चावला.

नवव्या दिवशी, मित्रांनो, मुंगीने हात लांब करून पेल्यातून मला काढले. तिने माझ्या पोटात पाहिले. तिचे तोंड उलटे होते, आणि ती हसली. मग तिने मला भोपळ्यात बुडवले, अर्धाच भरला, तोंडात घातला, गिळला. आणखी दोन वेळा. नंतर मला खाली ठेवून म्हणाली, "पुरे."

"बरं," मावशी म्हणाली आणि ताटली उचलली.

मुंगी तिच्याकडे बघत राहिली. "खरंच पुरे?"

"तूच म्हणालीस ना? मग पुरे."

दुसऱ्या दिवशी मुंगीने परीक्षा पाहिली. एका घासातच "पुरे" म्हणाली. ताटली उचलली गेली. दोन तासांनी ती मावशीचा पदर ओढत आली आणि म्हणाली, "मला भूक लागलीय." हे वाक्य त्या घरात तिने पहिल्यांदा उच्चारले होते. भूक लागायला तिला आजवर कोणी सवडच दिली नव्हती. मावशी म्हणाली, "चार वाजता खायचंय. बाबांच्या दुकानात बैस आणि मोठा काटा वर आला की मला हाक मार." मुंगी पंधरा मिनिटे घड्याळांच्या भिंतीसमोर बसून होती. हाक तिने अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी मारली.

मला वाटले, सुटलो.

दोन आठवडे संपले. आईची दुहेरी पाळी संपली आणि दुसऱ्याच दिवशी मुंगीला वजनाला न्यायचे होते. काट्यावर पाव किलो कमी भरले. चार दिवस पोरगी जवळपास उपाशी होती, पाव किलो जाणारच. आणखी महिनाभराने ते भरूनही आले असते. पण तो ठिपका पुन्हा खाली सरकला आणि आईचे डोके फिरले.

"तुझ्या प्रयोगासाठी माझीच पोरगी सापडली का तुला?" दारातूनच ती ओरडली.

"अगं, ती मागून खायला लागली होती. जरा दम धर."

"दम धरू? दीडशे पोरींना वाढून निघून जातेस तू. कुणाचं वजन तुला विचारतात का? माझ्या तोंडावर विचारतात, घालता की नाही खायला म्हणून!"

मावशीने दोरीवरच्या आपल्या साड्या काढल्या. पिशवी भरली. जाताना तिने मला धुऊन पुसून पेल्यात उभे केले आणि मुंगीच्या केसांवरून हात फिरवला.

संध्याकाळी आईने भोपळा शिजवला. मुंगी पेल्याकडे हात नेत होती, तोवर मी आईच्या मुठीत होतो. मुंगीने पाच घास खाल्ले, कुरकुर न करता. मग म्हणाली, "पुरे."

"शेवटचा," आई म्हणाली.

"पुरे, आई."

"मुंगे, शेवटचा म्हटलं ना? उघड तोंड."

मुंगीने ओठ घट्ट मिटले. आईने तिचे गाल दाबले. ओठांत फट पडली आणि मी आत घुसलो. मी घुसलो, दुसरे कोणी नाही. मुंगीने सगळा जोर लावून मला चावा घेतला. आईने मला उपसायला ओढले, मुंगीने सोडले नाही, माझी मान वाकली आणि कट्कन आवाज झाला. भोपळ्यात रक्त होते. त्यात तांदळाच्या कणीएवढा दाताचा तुकडा होता, वरच्या समोरच्या दाताचा.

बाबा दुकानातून धावत आले. भिंग कपाळावर तसेच होते. घड्याळाच्या चाकावरची केसाएवढी चीर त्यांना दिसायची. मागच्या खोलीत तीन वर्षे काय चालले होते, ते मात्र दिसले नाही. आई वाटीतून तो तुकडा बोटांनी शोधत होती आणि हुंदके देत होती. मुंगी रडत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती.

त्या दिवसापासून कोंबणे बंद झाले आणि लाच सुरू झाली. घास घेतलास तर टीव्ही, वाटी संपवलीस तर चॉकलेट. हलत्या चित्रांकडे डोळे लावून मुंगी तोंड उघडायची, बंद करायची. आत काय जाते आहे याचा तिला पत्ता नसायचा. कधी घास गालात तासभर पडून राहायचा. वजन वाढले. ठिपका रेघेवर आला आणि नर्सबाई "छान" म्हणाल्या. आई त्या दिवशी खूश होती. मावशी पुढची सहा वर्षे त्या घरात आली नाही.

मुंगीचा दुधाचा दात पडला, नवा आला. माझे खड्डे राहिले. मी खणात गेलो आणि तिथूनच ऐकत राहिलो. जेवायची हाक आली की मुंगीला अभ्यास आठवायचा. मैत्रिणीच्या घरी कोणी ताट पुढे केले की तिच्या पोटात दुखायचे. मग कधी घर रिकामे असले की ती ओट्यापाशी उभी राहून बिस्किटांचा अख्खा पुडा संपवायची, चव न घेता, घाईघाईने, आणि कागद लपवून ठेवायची. नोकरी लागताच ती दूरच्या गावी गेली. वर्षातून दोनदा यायची. आई तिच्या आवडीचे म्हणून पाच पदार्थ करायची आणि ताट भरून म्हणायची, "एवढंसंच? घे गं अजून थोडं." मुंगीला दुसऱ्या दिवशी परत जावे लागायचे. दर वेळी काहीतरी काम निघायचे. आई उरलेले अन्न झाकत म्हणायची, "हिला माझ्या हातचं कधी गोडच लागलं नाही." ते खरे नव्हते, पण तिला सांगणार कोण?

मुंगी पस्तिशीची असताना आई अंथरुणाला खिळली. अर्धे अंग लुळे पडले, बोलणे जड झाले. मुंगी रजा घेऊन आली. मोठ्या चमच्याने भरवले की सांडायचे, म्हणून बाबांनी खण उपसला आणि मला काढले.

मुंगीने मला हातात घेतले. अंगठा खड्ड्यांवरून फिरवला. तिची जीभ समोरच्या दाताकडे गेली, मला दिसले.

"दुसरा आणू का?" बाबांनी विचारले.

"नको. हाच लहान आहे."

वाटीत भोपळा होता. आईने चार घास घेतले, मग मान फिरवली. जड जिभेने कसेबसे म्हणाली, "पुरे."

वाटी अर्धी भरलेली होती. डॉक्टर सकाळीच म्हणाले होते, पोटात काहीतरी जायलाच हवे. मुंगीचा हात थरथरू लागला. ती थरथर मी ओळखली, मित्रांनो. तीच होती. आणि मुंगीच्या तोंडून तो शब्द आपोआप बाहेर पडला.

"शेवटचा, आई."

आईने तिच्याकडे पाहिले. तोंड उघडले, घास घेतला, कष्टाने गिळला. मग तिने डोळे मिटले आणि पुन्हा आ करून बसली. वाट पाहत. त्या घरात 'शेवटचा' या शब्दाचा अर्थ काय, हे तिच्याइतके कोणाला ठाऊक असणार?

मी पुन्हा वाटीत बुडून भरून वर आलो होतो. मुंगी त्या उघड्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिने मला वाटीतच उलटा केला.

"मिट तोंड, आई," ती म्हणाली. "शेवटचा म्हणजे शेवटचा."

आईने डोळे उघडले. पाणी गालावरून उशीत गेले. ती काहीतरी बोलायचा प्रयत्न करत होती. "मी... तुला..." पुढचे शब्द जुळेनात. मुंगीने तिची हनुवटी पुसली आणि वाटी झाकून आत नेली. गळ्यात पडणे वगैरे काही झाले नाही.

आई त्यानंतर तीन आठवडे होती. रोज ती "पुरे" म्हणायची आणि रोज वाटी उचलली जायची. ती किती खायची, ते मी सांगणार नाही. ते तिचे काम होते.

सगळे आटोपल्यावर मावशी स्वयंपाकघरात आली. आता तीही काठी टेकत चालते. तिने भोपळा शिजवला. मुंगी टेबलाशी बसली, मला घेऊन सावकाश खाऊ लागली. मध्येच थांबली.

"मावशी," ती म्हणाली, "पुरे झालं हे कसं कळतं गं?"

आजवर किती जणींना वाढले याचा हिशेब नसलेल्या मावशीने हातातला डाव खाली ठेवला. खुर्ची ओढून ती शेजारी बसली.

"तुला कळत होतं," ती म्हणाली. "चार वर्षांची होतीस तेव्हा."

मित्रांनो, मी पुन्हा खणात आहे. तुमच्या ताटात न आवडणारे काही आले तर त्याला शिव्या देऊ नका. वास घ्या, चाटून बघा, नाही पटले तर उद्या परत ओळख करून घ्या. भूक लागली की सांगा. पोट भरले की "पुरे" म्हणा आणि तो शब्द खरा वापरा. आणि हे वाचून दाखवणारे कोणी मोठे माणूस शेजारी बसले असेल, तर त्यांना माझी एकच विनंती आहे. माझ्यासारखा चमचा लेकराच्या हातात द्या. सांडू दे. ते "पुरे" म्हणाले की थांबा. ही माझी शेवटची विनंती आहे. यानंतर मी आणखी एकही करणार नाही.